दुसरी लांबी

४ फेब्रुवारी, रविवार

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी, त्यातली एक 'फोन करू नका' अशी. 'नका' म्हणजे आम्ही दोघंही, हे कळलं. लिहायचं तर लिही, असंही तूच म्हटलंयस, म्हणून लिहायला बसले.

आधी भाऊजींबद्दल. खोकला कमी आहे. सकाळी जास्त येतो, दुपारपर्यंत बसतो. छातीचा फोटो परवा पुन्हा काढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसातलं पाणी पूर्ण गेलंय, डाग राहिलाय तोही जाईल. डावा हात अजून सावकाश चालतो. कामावर जायला लागलेत, पण कवळ्यांचं बारीक मेणकाम सध्या दुसऱ्याला दिलंय. ते फक्त साचे ओततात आणि घासतात. कंटाळा येत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "मेहुणीबाई, लोकांचे दात घशात घालण्यापेक्षा घासलेले बरे." ते विनोद करतात याचा अर्थ मी 'बरे आहेत' असा लावते. बरोबर लावते का, ते माहीत नाही.

मी एक दिवसाआड संध्याकाळी डबा देऊन येते. तुझ्या खुर्चीवर ते इस्त्रीचे कपडे ठेवतात. खोलीत दुसरीकडे भरपूर जागा आहे. पण कपडे असले की तिथे कुणी बसत नाही.

आता तुझा प्रश्न. 'तो स्वतःहून वळला की नाही, एवढंच सांग.'

पोहण्याच्या तलावाच्या नोंदवहीत मी त्याच सकाळी, दहा जानेवारीला, लिहिलंय आणि ते तू वाचलंयस: 'पहिली लांबी पूर्ण करून, भिंतीला हात लावून, स्वतःहून दुसऱ्या लांबीस गेले.' त्यात बदल करावा असं काही नाही. मी काठावर होते. मी 'थांबा' म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं. टोपी कानांवर होती.

तुझ्या ऑफिसातल्या बाई बाजारात भेटल्या. तुझी तिकडची तात्पुरती बदली कायम करायचा फॉर्म महिनाअखेरपर्यंत भरायचाय, आणि भरला की तीन वर्षं हलता येत नाही, असं त्यांच्याकडून कळलं. घाई करू नकोस एवढंच म्हणते. मला म्हणायचा अधिकार आहे का, हा वेगळा प्रश्न.

तुझी धाकटी

ता.क. टोपी कानांवर होती हे खरं. पण डोकं पाण्याबाहेर होतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

मागच्या पत्रात एक दुरुस्ती आहे. 'मी "थांबा" म्हणाले' हे वाक्य काढून टाकावं. मी 'थांबा' म्हणाले नव्हते.

हे वाचून तू कागद खाली ठेवशील, चष्मा काढशील आणि खिडकीकडे बघशील. बघून झालं की पुढे वाच. वही वाचायला आलीस तेवढीच, एरवी तू तलावावर कधी आली नाहीस, 'पाण्यात जीव कोंडायला जाता आणि त्याला व्यायाम म्हणता' असं म्हणायचीस. तेव्हा तुला सुरुवातीपासून सांगावं लागेल.

आमचा गट पस्तिशी ओलांडलेल्यांचा. शर्यती पन्नास मीटरच्या, फार तर शंभरच्या. आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं असं की या वयात हातापायांत नवं बळ येत नाही, पण तोंड कमी वेळा वर काढायला शिकता येतं, आणि प्रत्येक वेळी तोंड वर काढलं की वीतभर अंतर जातं. म्हणून बुधवारी सकाळी साडेसहाला दम धरायचा सराव. त्याचे दोन भाग. पहिल्या भागात काठाजवळ पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात, हात सैल, आणि जमेल तेवढा वेळ तसंच राहायचं. दुसऱ्या भागात पाण्याखालून पोहत एक लांबी पार करायची, म्हणजे पंचवीस मीटर, एकही श्वास न घेता. प्रत्येकाला जोडीदार असतो. एक आत, एक काठावर. काठावरच्याने घड्याळाकडे बघायचंच नाही. "घड्याळ मी बघतो," मास्तर म्हणतात, "तुम्ही माणूस बघा. घड्याळ बुडत नाही."

तरंगताना पहिलं अर्धं मिनिट इतकं सुखाचं असतं की लाज वाटते. मग छाती आवळते. मग पोट आतून झटके द्यायला लागतं, आम्ही त्यांना उचक्या म्हणतो. मास्तर म्हणतात, पहिली उचकी म्हणजे पाहुण्याने दार वाजवलं. घाबरायचं नाही, त्याला जरा उभं राहू द्यायचं. चौथी-पाचवी म्हणजे त्याने बॅग आत ठेवली. दहावी म्हणजे तो मुक्कामाला आला, आता उठा. भाऊजी सातवी-आठवीला उठायचे. मी तिसरीला. सहा वर्षांत मी पाचवीपुढे गेले नव्हते.

आता तो शब्द. पाण्यात लांबलचक बोलता येत नाही. आणि अहो-जाहोही चालत नाही, पहिल्याच दिवशी मास्तरांनी बजावलं होतं: घरी कोण कुणाचा कोण लागतो ते टॉवेलबरोबर खुंटीला टांगायचं. म्हणून मी भाऊजींना तिथे 'तू' म्हणते. मेहुणीला एवढी तरी सूट हवी, असं तेच म्हणायचे. तर पहिल्या भागात, तरंगणाऱ्याची वेळ झाली की काठावरचा म्हणतो, 'सोड.' म्हणजे श्वास सोड, वर ये. दुसऱ्या भागात, भिंत धरून उभ्या असलेल्याला निघायला सांगायचं तेव्हाही काठावरचा म्हणतो, 'सोड.' म्हणजे भिंत सोड, निघ.

शब्द एकच. अर्थ एकमेकांच्या उलट. सहा वर्षांत कुणाचा घोटाळा झाला नाही, कारण पहिला भाग संपल्यावर दुसरा सुरू होतो आणि त्याबरोबर शब्दही कूस बदलतो.

तुला माहीत आहे मी पोटासाठी काय करते. औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं तपासते. 'जेवणानंतर दोन तासांनी' आणि 'जेवणानंतर दर दोन तासांनी' यांत कुणी गोळ्या खाऊन मरू नये, यासाठी मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. दोन अर्थांचं वाक्य मला लांबून वास येऊन कळतं, असं ऑफिसात म्हणतात.

त्या दिवशी पहिला भाग लांबला होता. आम्ही दोघं तीन-तीन वेळा तरंगलो. मग भाऊजी पलीकडच्या टोकाला गेले आणि पाण्याखालून माझ्याकडे आले. माझ्या पायाशी भिंतीला हात लावला. डोकं वर आलं, पाणी हनुवटीपर्यंत. ओठ मिटलेले. कडा करड्या दिसत होत्या. श्वास घेतला नव्हता. मी म्हणाले, "सोड."

म्हणजे, श्वास सोड.

त्यांनी भिंत सोडली.

दहा-बारा मीटरवर हात चालायचे थांबले. बाकीचं तुला माहीत आहे. जीवरक्षकाने उडी मारली, त्याचा गुडघा फुटला, तेही माहीत आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये ते निळे ओठ घेऊन घरी आले होते तेव्हा तू त्यांच्याकडून वचन घेतलंस: एकच लांबी, दुसरी नाही. ते त्यांनी मला आणि मास्तरांना त्याच आठवड्यात सांगितलं होतं. हसत सांगितलं, पण सांगितलं. पाच महिने पाळलं. माझी खात्री आहे की त्यांनी ते मोडलं नाही. मोडायला मी लावलं, तेही न कळता.

तू नोंदवहीतलं वाक्य वाचून गेलीस. ते वाक्य चूक आहे.

तुझी धाकटी

हे पत्र तीन दिवस पिशवीत होतं. आज टाकते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझं उत्तर आलं. या वेळी सहा ओळी आणि तीन प्रश्न. क्रमाने घेते, नाहीतर मी सोयीचा आधी घेईन.

'त्याला सांगितलंस का?'

नाही. त्यांना काही आठवत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलंय. वहीत लिहिलंय तेच ते खरं मानतात. परवा डॉक्टरांनी विचारलं, दुसरी लांबी कशासाठी? तर म्हणाले, "हावरटपणा. बायकोही हेच म्हणेल." मी शेजारी औषधाची चिठ्ठी हातात घेऊन उभी होते. चिठ्ठीवरचं अक्षर वाचत होते. वाचता येत नव्हतं, तरी वाचत होते.

'मग तेव्हा वहीत तसं का लिहिलंस?'

कपडे बदलायच्या खोलीत, साडेआठला. रुग्णवाहिका जाऊन अर्धा तास झाला होता. मी ओलीच होते, अंगावर टॉवेल. मास्तर बाकावर बसले होते, दोन्ही हात डोक्याला. म्हणत होते, "समिती तलाव बंद करेल. बावीस वर्षं झाली हो." मग वही माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही लिहा. तुम्हाला लिहिण्याची सवय आहे. एकाच अर्थाचं लिहा."

त्यांना माझा शब्द ऐकू गेला होता की नाही, मला आजही माहीत नाही. ते पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. मी 'स्वतःहून' लिहिलं, कारण तो शब्द लिहिल्याबरोबर त्या वाक्यात दुसरं कुणी उरलं नाही. एवढा स्वच्छ शब्द मला ऑफिसात कधी सापडला नसता.

'की तुला मोकळं व्हायचंय म्हणून आता हे सांगतेस?'

हा प्रश्न मी कालपासून घेऊन फिरते आहे. हो, व्हायचंय. पण त्यामुळे जे सांगितलं ते खोटं होत नाही, असं मला वाटतं. पुन्हा 'वाटतं' लिहिलं. ते राहू दे.

मोकळं व्हायचं असेल तर सगळंच सांगायला हवं, म्हणून जे राहिलंय तेही. त्यांनी भिंत सोडली तेव्हा ते चुकीचं समजलेत, हे मला तत्क्षणी कळलं होतं. तत्क्षणी म्हणजे त्यांचे पाय भिंतीला लागायच्या आत. नियम असा आहे की शंका आली की काठावरच्याने उडी मारायची. नंतर माफी मागता येते. मी मारली नाही. मी बघत राहिले. जीवरक्षक म्हणाला, मधे सहा-सात सेकंद गेले असतील. तो मला बरं वाटावं म्हणून कमी सांगतोय असं मला वाटतं.

त्या सात सेकंदांत माझ्या मनात काय होतं ते मी रोज लिहून काढायचा प्रयत्न करते. डायरीची अकरा पानं झालीत. सगळ्यात कमी खोटं वाक्य असं: मला बघायचं होतं. आमच्या गटात कुणीच दोन लांब्या केल्या नव्हत्या. मी तर एकीतही दोनदा तोंड वर काढते. ते सरळ चालले होते, तळाच्या काळ्या रेघेवरून, इतके शांत की मला हेवा वाटला. नंतर डॉक्टर म्हणाले, ती शांतता शुद्ध हरपायच्या आधीची असते.

मी अजून तलावावर जाते. न गेले तर लोक विचारतील म्हणून जाते. सगळे चांगलं बोलतात. पहिल्या रांगेतली दंतवैद्यीण म्हणाली, "तू त्या दिवशी किती खंबीर होतीस गं, मी असते तर हातपाय गळाले असते." माझे गळाले नव्हतेच, ते जागच्या जागी होते, हे तिला कसं सांगू? तरंगताना हल्ली मी दोन मिनिटं चाळीस सेकंद राहते. उचक्या येतात आणि जातात, पाहुणा दार वाजवून वाजवून थकतो. तोंड पाण्यात असेपर्यंत मला कुणी काही विचारू शकत नाही. वर आले की पुन्हा तीच मी, तोच काठ, तीच वही तलावाच्या ऑफिसच्या कपाटात. मास्तर खूश आहेत. म्हणतात, "बघा, सहा वर्षांनी सुटलात तुम्ही."

कालच्या बुधवारी त्यांनी मला 'सोड' म्हटलं आणि मी वर आले नाही. ऐकू आलं होतं. पुन्हा म्हणाले, मग खांद्याला धरून उचललं. त्यानंतरच्या खेपांना त्यांनी खांद्यावर दोनदा थोपटलं, तो शब्द वापरला नाही. कारण मी सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलं नाही.

भाऊजींना मी सांगेन. या आठवड्यात.

तुझी धाकटी

२१ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

सांगितलं. काल संध्याकाळी, डबा द्यायला गेले तेव्हा. शब्द, सात सेकंद, वही, सगळं. ते रागावले नाहीत. जेवले. ताट स्वतः घासलं, डाव्या हाताने धरून, वेळ लागला पण घासलं.

आज तलावावर जाऊन नोंदवही मागितली. मास्तर म्हणाले, "खोडाखोड चालत नाही त्यात." म्हटलं, खोडत नाही, खाली लिहिते. लिहिलं: 'वरील नोंदीतील "स्वतःहून" हा शब्द चुकीचा आहे. पहिल्या लांबीनंतर मी "सोड" असे म्हणाले. त्याचा अर्थ श्वास सोड असा अभिप्रेत होता. त्यानंतर ते निघाले. मी ताबडतोब पाण्यात उतरले नाही.' खाली सही, तारीख. मास्तरांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. म्हणाले, "हे आता समितीकडे जाणार." म्हटलं, जाऊ दे. म्हणाले, "तुम्ही काही दिवस येऊ नका." मग वही मिटत, "चूक शब्दाची आहे. शब्द मी ठरवला होता." मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता वहीतही आहे आणि माझ्या पत्रातही. त्यांनी वचन मोडलं नाही. तू तिथे राहायचं कारण माझं वाक्य होतं, आणि ते वाक्य आता राहिलं नाही. माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. पण फॉर्म भरू नकोस. त्यांच्याकडे ये.

तुझी धाकटी

२५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

काल दुपारी तुझी चिठ्ठी आली. 'फॉर्म फाडला. मंगळवारी येते. त्याला सांग, खुर्चीवरचे कपडे उचल.' माझ्याबद्दल त्यात काही नाही, आणि ते बरोबरच आहे.

ती वाचून मला जो आनंद झाला तो अर्धं मिनिट टिकला.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. खोटं काही लिहिलं नव्हतं, हे मी आज सकाळपासून स्वतःला दहा वेळा सांगितलं. पण माहितीपत्रकातून एक ओळ गाळली तर उरलेल्या ओळी खऱ्या असून भागत नाही, हे मी नव्या मुलींना शिकवते.

मंगळवारी संध्याकाळी खरं काय झालं ते असं. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एक साचा घासत बसले होते. काम घरी आणलं होतं. मी म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला एक सांगायचंय."

"भाजीत मीठ नाही ते? ते शनिवारपासून कळतंय मला."

मी उभ्यानेच सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं. ते घासत होते. सगळं संपल्यावर त्यांनी साच्यावर फुंकर मारली. खोकला आला. खोकून झाल्यावर म्हणाले, "'सोड' म्हणालीस, माहीत आहे मला."

"तुम्हाला आठवत नाही म्हणालात ना डॉक्टरांना!"

"डॉक्टरांना काहीच आठवत नाही म्हटलं. सोपं पडतं. एक आठवतंय म्हटलं की दुसरं विचारतात."

"म्हणजे ऐकू आलं होतं?"

"आलं की. श्वास सोड म्हणतेयस हेही कळलं. तुझा आवाज तसाच होता, पहिल्या भागातला, जरा भ्यालेला. आणि त्याच शब्दाने निघताही येतं, हेही कळलं. दोन्ही एकदम कळलं गं. मला हवा होता तो अर्थ घेतला."

मी बसले. तुझ्या खुर्चीवर, कपड्यांवरच.

"तुम्ही हे माझ्यासाठी म्हणताय," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी कशाला म्हणेन? बिनमिठाची भाजी खायला घालणारीसाठी?"

"खरं सांगा."

"मग हे काय मनाने रचून सांगतोय का मी?" आणि पुन्हा घासायला लागले. थोड्या वेळाने न बघता म्हणाले, "हिला काय लिहिणार आता?"

"तुमचं तुम्ही लिहा."

"मी हे लिहिलं तर ती येईल?"

मी वर्तमानपत्रावर पडलेला साच्याचा भुगा बोटाने गोळा केला.

"मग आधी येऊ दे," ते म्हणाले. "आली की सांगू. सावकाश."

आणि मी ते ऐकलं. बुधवारी तुला जे पत्र लिहिलं ते हे ऐकून लिहिलंय. तुला सगळं सांगून मोकळं व्हायला निघालेली मी, त्यांच्याबरोबर कट करून बसले. कट हा मोठा शब्द आहे, पण दुसरा सापडत नाही, आणि शोधत बसले तर मी त्यात आणखी एक स्वच्छ शब्द शोधून काढेन.

चार दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. ते खरं बोलत असतील तर त्यांनी वचन मोडलं, उघड्या डोळ्यांनी मोडलं, आणि तू ज्या कारणासाठी परत येतेस ते कारणच नाही. ते खोटं बोलत असतील तर माझा गुन्हा ते स्वतःच्या अंगावर घेतायत, आणि मी गप्प राहिले तर मी तो घेऊ देतेय. दोन्ही खोल्यांना दार एकच आहे, ते म्हणजे तुला सांगणं. आणि ते उघडलं की कदाचित तू येणार नाहीस. त्यांचं घर पुन्हा मोडेल, तेही माझ्याच लिहिण्याने, दुसऱ्यांदा.

काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, मी लिहिणार. मला वाटलं अडवतील. त्यांनी बराच वेळ हात पुसले. पुसून झाले तरी पुसत होते. मग म्हणाले, "टपालाने मंगळवारच्या आत पोचायचं नाही. लिही, मी नेतो. साडेदहाची गाडी आहे."

"तुम्ही? एवढा प्रवास? डॉक्टरांना विचारलं का?"

"डॉक्टरांना मला काही आठवत नाही म्हणून सांग. विचारायचंही आठवलं नाही."

आत्ता नऊ वाजून वीस मिनिटं झालीत. ते माझ्या दिवाणखान्यात बसलेत, मफलर गुंडाळून, पिशवी मांडीवर. मी आत लिहितेय. दर थोड्या वेळाने खोकल्याचा आवाज येतो, आणि मी लेखणी थांबवून तो संपायची वाट बघते. हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. वाटेत त्यांनी वाचलं तरी चालेल. त्यांना हवं तर त्यातलं काही तुला नाकारून सांगता येईल.

मघाशी ते बूट घालत होते तेव्हा मी शेवटचं विचारलं. डावा हात नाडीत अडकत होता. मला खाली वाकून बांधून द्यावीशी वाटली, पण त्यांना ते आवडलं नसतं, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले.

"भाऊजी, मला एवढंच सांगा. दोन्ही अर्थ कळले होते, हे खरं की माझ्यासाठी?"

त्यांनी गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली.

"तुला नाही सांगणार," ते म्हणाले. "वचन हिला दिलं होतं. हिला सांगेन."

"आणि मी?"

"तू तुझं सांगितलंस की. वहीत लिहिलंस, सही केलीस. आता हे आमच्या दोघांचं."

मला राग आला, ताई. खरं सांगते, इतका राग आला की मी पाणी आणायच्या निमित्ताने आत आले आणि नळ सोडून उभी राहिले. दीड महिना मी जे उराशी धरून बसले ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं. आता मला कधीच कळणार नाही की मी एका माणसाला मरणाच्या दारात ढकललं, की एका हट्टी माणसाकडे नुसती बघत उभी राहिले. दोन्ही धरून चालावं लागेल. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. सात सेकंद मात्र माझेच. त्यांत अर्थाचा घोटाळा नाही.

ते तुझ्या दारात दीडच्या सुमाराला असतील. तू दार उघडशील की साखळी लावून बोलशील, ते मला इथून दिसत नाही. त्यांना जिन्याने धाप लागते, तेवढं लक्षात ठेव; आधी बसव, मग भांड. तू उद्या निघणार, परवा निघणार की निघणारच नाहीस, ते तुम्ही दोघं ठरवा. खुर्चीवरचे कपडे काल मीच उचलले आणि घड्या घालून कपाटात ठेवले. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी ते तिथे बरे.

एकच मागणं आहे. ते तुला जे सांगतील ते ऐक, हवं तेवढं उलटून विचार, पण मला कळवू नकोस. मी विचारेन. मी मला ओळखते. आधी आडून विचारेन, मग एखाद्या आजारपणात, मग पुढे कधीतरी भांडताना. विचारलं तरी सांगू नकोस.

बाहेर ते उठलेत. पिशवीचा आवाज आला. थांबते.

तुझी धाकटी